आभूट

अकरा दिवस झाले, सेलूवर आभूट आहे.
पाऊस म्हणावा तर तसा पाऊस नाही,
थांबला म्हणावं तर ओटा वाळत नाही.
दिवस उजाडतो तोच दिवेलागणीसारखा
आणि दिवेलागण कधी झाली, कळतच नाही.

माझ्या दोरीवर
काबरा डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या चोवीस चादरी,
स्टेशनसमोरच्या लॉजचे अभ्रे,
बँडवाल्यांचे सहा लाल कोट.
दोरी आधी गल्लीत होती, मग दुकानात आली,
मग घरात, आता चुलीवरून जाते.
आम्ही वाकून जेवतो.
काल सोपानच्या भाकरीवर कोटाचा लाल थेंब पडला,
तेवढा तुकडा मोडून बाजूला ठेवला त्यानं
आणि बाकीची खाल्ली. बोलला नाही काहीच.

बँकेत नवे आलेत ते शिगवण साहेब
दोन शर्ट न्यायला आले. चिपळूणचे आहेत.
छत्री न बघताच कोपऱ्यात टेकवली,
हाताला सवय असावी तशी.
शर्टाचा वास घेतला, हसले, म्हणाले,
"आमच्या गावासारखाच येतोय.
तुम्हाला त्रास नाही का होत या हवेचा?"

मी इस्त्रीतले कोळसे फुंकत होते.
कोळसेही सर्दावलेले. नुसता धूर.

तोंडाशी आलं होतं सगळं.
होतो की साहेब.
मिठाचं पाणी झालं बरणीत.
दार फुगलं, लाथ घातल्याशिवाय उघडत नाही.
रेवतीच्या वहीची पानं एकमेकींना सोडंनात.
रानात मुगाच्या शेंगांना जागेवरच मोड आले,
आणि मला सकाळी उठून
कोणाशी बोलावंसंच वाटंना,
पिळून ठेवलेलं लुगडं
झटकायचं राहून जावं, तशी पडून राहते.

पण बाकड्यावर कैसरबी बसली होती.
तिनं माझ्याकडं पाहिलं फक्त.

त्या उन्हाळ्यात टँकर रात्री सव्वादोनला यायचा.
हंड्यांवर ऑइलपेंटनं नंबर टाकलेले.
माझा एकोणतीस, तिचा तीस.
एका घागरीसाठी आम्ही एकमेकींच्या झिंज्या धरल्या होत्या,
नंतर तीच घागर दोघींत सांडली
आणि मातीनं घोटभरात पिऊन टाकली.
चार महिने लाँड्री बंद.
कोणी कपडे धुतले असं कळलं
तर गल्ली त्याच्या दोरीकडं
चोराच्या घराकडं बघावं तशी बघायची.

तेव्हापासून, का त्याच्याही आधीपासून,
इथं पावसाला नाव ठेवत नाहीत.
ज्याचा पत्रा उडाला तोही
डोक्यावर पोतं घेऊन म्हणतो, "पडू द्या, लागतो."

"त्रास कसला साहेब," मी म्हणलं, "लागतोच की."

"आमच्याकडे भरपूर शिव्या देतात त्याला," ते म्हणाले,
"घरातल्या माणसाला द्याव्या तशा."
पैसे दिले, छत्री उघडली, गेले.

घरातल्या माणसाला.
मी बराच वेळ तिथंच अडकले.
आमच्याकडं तो घरातला कधी झाला?
पाहुणाच तो. वर्षा-दोन वर्षांनी येणार,
आला तर कोणत्या रात्री उठून जाईल, नेम नाही.
मग चुलीपाशी पीठ संपत आलेलं असलं तरी
बाहेर येऊन हसून म्हणायचं,
राहा की अजून दोन दिवस.

कैसरबीनं पाय लांब केले.
खालच्या आवाजात म्हणाली,
"गुडघे लई दुखायले गं. कधी जातोय हा मेला?"

आणि दोघींनी दचकून वर पत्र्याकडं पाहिलं.

क्षणभर खरंच थांबला होता आवाज.

मग कैसरबीनंच कानाची पाळी धरली,
वर बघून "नाही नाही, पड बाबा, पड" म्हणाली
आणि मला असं हसू फुटलं
की इस्त्री खाली ठेवावी लागली.

पत्रा पुन्हा वाजायला लागला.
मी उठून पहिली चादर चाचपली.
ओलीच.